युरोपात गाडीने फिरायचंय? आधी मुक्कामाच्या रात्री मोजा

युरोपात गाडी भाड्याने घेऊन फिरायचं ठरलं की बहुतेक जण आधी नकाशा उघडतात. म्युनिक ते व्हेनिस साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे सहा तास, म्हणजे एका दिवसात आरामात, असा हिशेब सुरू होतो. रस्ते इतके चांगले आहेत की हा हिशेब फारसा चुकतही नाही. चुकतं ते त्यापुढचं. संध्याकाळी सातला गावात शिरलो तर गाडी कुठे लावायची, हॉटेलचं रिसेप्शन उघडं असेल का, उद्या सकाळी पुन्हा सगळ्या बॅगा खाली आणायच्या का? गाडीची सहल रस्त्यावर कमी बिघडते आणि मुक्कामावर जास्त. म्हणून नवख्यांना माझं सांगणं असतं, की नकाशा काही दिवस बाजूला ठेवा आणि वहीत फक्त रात्री लिहा. कोणती रात्र कोणत्या गावात. व्हिसा, गाडी, टोल, घाट हे सगळं त्या यादीवरून ठरत जातं.

एक चालणारा फेरा

उदाहरणासाठी आल्प्स पर्वताच्या दोन्ही बाजूंनी जाणारा फेरा घेऊ. पहिली रात्र म्युनिक. दुसरी-तिसरी ऑस्ट्रियात साल्झबुर्ग. चौथी-पाचवी स्लोव्हेनियात ब्लेड, तळ्याकाठचं गाव. सहावी-सातवी व्हेनिसच्या दारातलं मेस्त्रे. आठवी-नववी इटलीतच, डोलोमाइट्सच्या डोंगरांत ओर्तिसेई. दहावी पुन्हा ऑस्ट्रियात इन्सब्रुक, अकरावी परत म्युनिक आणि बाराव्या दिवशी विमान.

मुख्य रस्ता साधारण १२०० किलोमीटरचा. आजूबाजूचं फिरणं धरून दीड हजार. सर्वांत लांब टप्पा ब्लेड ते मेस्त्रे, तोही तीनशेच्या आत. फेरा जिथे सुरू होतो तिथेच संपतो. हे मी मुद्दाम केलंय, कारण एका शहरात गाडी घेऊन दुसऱ्या शहरात सोडली तर वेगळं शुल्क लागतं आणि देश बदलला तर ते शुल्क कधीकधी गाडीच्या भाड्याच्या वर जातं.

मधल्या चारही ठिकाणी दोन-दोन रात्री आहेत, त्यात काटकसर करू नका. एका रात्रीचा मुक्काम म्हणजे दुपारी पोचायचं, सामान उचकायचं, जेवायचं, झोपायचं आणि सकाळी दहाला खोली रिकामी करायची. असे चार मुक्काम लागोपाठ आले की गाव एकही बघून होत नाही. शेवटी इन्सब्रुकला एकच रात्र ठेवलीय ती परतीचा रस्ता तोडण्यासाठी. तिथून म्युनिक १६५ किलोमीटर, म्हणजे शेवटच्या दिवशी घाई नाही.

रोज किती चालवायचं? युरोपीय संघात ट्रक आणि बस चालवणाऱ्यांना कायद्याने साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते आणि दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा असते. ही ज्यांचा रोजचा धंदा आहे त्यांची मर्यादा झाली. अनोळखी देशात, उलट्या बाजूने, मागच्या सीटवर मुलं असताना चार तास पुरे. गूगल मॅप जी वेळ दाखवतो त्यात पाव हिस्सा वाढवून धरा: चहा, स्वच्छतागृह, पेट्रोल, एखादा चुकलेला फाटा. घाटात मात्र किलोमीटर विसराच. डोलोमाइट्समधल्याच कोर्तिना गावापासून ओर्तिसेई जेमतेम ७५ किलोमीटर आहे, पण मध्ये दोन हजार मीटरच्या वरच्या खिंडी येतात आणि न थांबता दोन तास जातात. न थांबता कोणी जात नाही हा आणखी वेगळा मुद्दा.

शनिवार आणि ऋतू

यादी झाली की तिच्यावर वार टाका. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवारी लांबचा टप्पा येत असेल तर सगळी यादी एक दिवस मागेपुढे सरकवा. युरोपात सुट्टीची घरं शनिवार ते शनिवार भाड्याने देण्याची पद्धत आहे, त्यामुळे त्या दिवशी निम्मी उत्तर युरोप दक्षिणेकडे निघालेली असते आणि उरलेली परत येत असते. साल्झबुर्गच्या दक्षिणेचा टाउअर्न रस्ता, स्लोव्हेनियाच्या सीमेवरचा कारावांकन बोगदा, ऑस्ट्रिया-इटली सीमेवरची ब्रेनर खिंड, स्वित्झर्लंडचा १७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा, सगळीकडे तासन्‌तास रांगा. फ्रान्समध्ये तर गर्दीच्या दिवसांना सरकारच हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा असे रंग देतं. काळ्या दिवशी निघू नये. इटलीत १५ ऑगस्टच्या आसपास अख्खा देश सुट्टीवर असतो.

रांग दिसली की मोबाइल लगेच गावातून जाणारा रस्ता सुचवतो. ऑस्ट्रियातल्या तिरोल प्रांतात उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी हे करायला जाऊ नका. गर्दी टाळण्यासाठी हायवे सोडून गावात शिरायला तिथे बंदी असते आणि फाट्यावर उभे असलेले पोलिस गाडी परत हायवेवर पाठवतात.

ऋतूचं थोडक्यात: डोंगरातल्या उंच खिंडी साधारण ऑक्टोबरअखेरीपासून मेपर्यंत बंद असतात, काही जूनपर्यंत. डोलोमाइट्समधली बरीच हॉटेलंही एप्रिल-मे आणि नोव्हेंबरमध्ये बंद असतात. हिवाळ्यात म्युनिकला साडेचारच्या आत सूर्य मावळतो; जूनमध्ये सव्वानऊपर्यंत उजेड असतो. पहिल्या सहलीसाठी जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर. मला विचाराल तर सप्टेंबर.

व्हिसा कुठल्या देशाकडे मागायचा

इथे रात्रींची यादी पहिल्यांदा कामाला येते. वरच्या फेऱ्यात विमान म्युनिकला उतरतं आणि म्युनिकहूनच उडतं, म्हणून बरेच जण जर्मनीकडे अर्ज करायला निघतील. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, नियम वेगळा आहे: ज्या देशात सर्वांत जास्त राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा; मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशातून प्रवेश करणार त्याच्याकडे. मोजा. जर्मनी दोन रात्री, ऑस्ट्रिया तीन, स्लोव्हेनिया दोन, इटली चार. अर्ज इटलीकडे जातो. व्हेनिसची एक रात्र काढून साल्झबुर्गला दिली की चित्र पालटतं, म्हणून अर्ज करण्याआधी यादी पक्की हवी. अर्जासोबत किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो. हॉटेलं शक्यतो मोफत रद्द करता येतील अशी घ्या.

शेंगेन देशांच्या सीमांवर एरवी कोणी थांबवत नाही. पण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली, त्यामुळे इन्सब्रुकहून परतताना सीमेवर गाडी हळू करावी लागण्याची तयारी ठेवा. पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत टाकू नका, हाताशी असू द्या.

परवाना आणि गाडी

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट घ्या. ते आरटीओकडून मिळतं आणि जास्तीत जास्त वर्षभर चालतं. एकट्या परमिटला किंमत नाही, मूळ परवाना सोबत हवाच. गाडी देणाऱ्या काउंटरवर कोणी परमिट मागितलं नाही, असं सांगणारे भेटतात. खरा प्रश्न काउंटरचा नसतो. अपघात झाला, पोलिस आले, विम्याचा दावा लागला, की तेव्हा तो कागद नसल्याचं महाग पडतं.

गाडी निवडताना दोन गोष्टी बुकिंगमध्येच नक्की करा. एक, ऑटोमॅटिक हवी का? युरोपात न सांगता मिळते ती बहुधा मॅन्युअल, आणि गिअर उजव्या हाताला असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे निमूट द्यावेत, डोक्यावरचं एक ओझं कमी होतं. दुसरी गोष्ट डिकीची. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर उंच दिसणाऱ्या एसयूव्हीपेक्षा लांब डिकीची, मागे सपाट छत असलेली कॉम्बी गाडी बरी. सामान सगळं झाकलं जातं. मागच्या सीटवर बॅग दिसते अशी गाडी हायवेच्या थांब्यावर उभी करणं म्हणजे चोराला आमंत्रण. इलेक्ट्रिक गाडीचा मोह पहिल्या फेरीत टाळा, किमान मुक्कामाच्या जागी रात्री चार्जिंगची सोय पक्की नसेल तर.

बुकिंग करताना कोणकोणत्या देशांत गाडी नेणार ते सांगून लेखी परवानगी घ्या. परवानगी नसलेल्या देशात अपघात झाला तर विमा अंग काढून घेतो. काही कंपन्या महागड्या गाड्या इटलीत किंवा पूर्वेकडच्या देशांत नेऊ देत नाहीत. स्वित्झर्लंडचा कोपरा जरी शिवणार असाल तरी तो सांगा.

विम्याची भाषा काउंटरवर गोंधळात टाकते. समोरच्याच्या नुकसानीचा विमा भाड्यात असतोच. तुमच्या गाडीच्या नुकसानीवर एक ठरावीक रक्कम तुमच्या खिशातून जाते. ती शून्यावर आणण्याचं पॅकेज वेगळं मिळतं. बाहेरच्या कंपनीचा स्वस्त विमा घेतला तर आधी तुम्ही पैसे भरता आणि नंतर कागद पाठवून परत मागता. पहिल्या सहलीला मी कंपनीचंच शून्याचं पॅकेज घ्यायला सांगते, आणि ते बुकिंगच्या वेळीच, काउंटरवर महाग पडतं. त्यातही काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग धरलाय का ते वाचा. चुकीचं इंधन भरल्याचा खर्च सहसा कुठेच धरलेला नसतो.

डिपॉझिटसाठी मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. नवऱ्याचं कार्ड आणि बायकोचा परवाना, हे चालत नाही. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी नाकारतात. दुसरा चालक असेल तर त्याचं नावही करारात हवं.

गाडी घ्यायची ती दुसऱ्या दिवशी

उतरल्या उतरल्या गाडी घेऊन दीडशे किलोमीटर मारायचे, हा बेत फार लोक करतात. रात्रभर विमानात अवघडून बसलेल्या माणसाने अनोळखी हायवेवर जाऊ नये, बास. पहिली रात्र म्युनिकमध्ये रेल्वेने फिरा, झोपा आणि सकाळी दहाला ताजेतवाने होऊन गाडी घ्या. भाडं चोवीस तासांच्या हिशेबाने लागतं, तेही वाचतं.

किल्ली मिळाली की लगेच निघू नका. गाडीभोवती फिरत व्हिडिओ घ्या: चारही चाकांच्या रिम, बंपरचे कोपरे, पुढची काच, छत. ओरखडा करारात नोंदलेला नसेल तर तो नोंदवून घ्या. डिकीत चमकणारं जाकीट, गाडीमागे रस्त्यावर ठेवायचा धोक्याचा त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी आहे का ते बघा. ऑस्ट्रियात तिन्ही सक्तीचे आहेत. जाकीट डिकीत खोल पुरून ठेवू नका, रस्त्यात गाडी बंद पडली तर उतरण्याआधी अंगात चढवायचं असतं. गाडीचा ऑस्ट्रियातला टोल आधीच भरलेला आहे का, तेही विचारा. दीड मीटरपेक्षा कमी उंचीचं मूल असेल तर त्याची सीट आधीच नोंदवलेली हवी.

मग पार्किंगमध्येच दहा मिनिटं घालवा. सीट, आरसे, लाइट, हँडब्रेक कुठे आहे ते पाहून घ्या. इंडिकेटर बहुधा डाव्या हाताला असेल. पहिला दिवसभर वळताना वायपरच चालू होणार आहे, मागच्यांना हसू द्या.

उजव्या बाजूने चालवताना सरळ रस्त्यावर काही अडचण येत नाही. घोळ होतो तो रिकाम्या चौकात, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना आणि सकाळी हॉटेलच्या गेटातून निघताना, कारण समोर दुसरी गाडी नसते आणि जुनी सवय हात फिरवते. शेजारी बसलेल्याने प्रत्येक वेळी मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं, लाजायचं नाही. दुसरी अडचण म्हणजे गाडी नकळत उजव्या कडेला सरकते, कारण आपल्याला उजवीकडे बसायची सवय असते. उजव्या आरशात कडेची पांढरी रेघ दिसत राहील असं चालवा.

चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती गल्ली कितीही लहान असो. पिवळा चौकोन टोकावर उभा केलेली पाटी दिसली की तुमचा रस्ता मुख्य. गोल चौकात आत असलेल्यांना आधी जाऊ द्यायचं, ते डावीकडून येतात. हायवेवर उजवी लेन ही चालवायची आणि डावी फक्त ओव्हरटेक करायची. उजवीकडून ओव्हरटेक करायला मनाई आहे. जर्मनीत वेगमर्यादा नसलेल्या पट्ट्यावर १३० ने ओव्हरटेक करत असताना आरशात दूरवर दिसणारे दिवे दोन-तीन सेकंदांत मागे येऊन टेकतात. आरसा दोनदा बघा. ऑस्ट्रिया, इटली, स्लोव्हेनियात हायवेची मर्यादा १३०, इटलीत पाऊस असेल तर ११०. इन्सब्रुकच्या आसपास हवेच्या प्रदूषणासाठी १०० ची मर्यादा लागते आणि ती 'आयजी-एल' अशा पाटीसह दिसते. पाटी पर्यावरणाची असली तरी वेग ओलांडला तर दंड होतोच.

जर्मनीत आणि ऑस्ट्रियात हायवेवर वाहतूक रखडली की अँब्युलन्स दिसण्याची वाट न बघता मध्ये वाट करायची: सर्वांत डावीकडच्या लेनने डावीकडे सरकायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. न केल्यास दंड आहे.

टोलचे चार प्रकार, एकाच फेऱ्यात

जर्मनीत कारला हायवे फुकट. ऑस्ट्रियात विन्येट लागतं, म्हणजे ठरावीक दिवसांचा रस्ता-पास. तो एक दिवसाचा, दहा दिवसांचा, दोन महिन्यांचा आणि वर्षाचा मिळतो. आपल्या यादीत ऑस्ट्रियात शिरायचं दुसऱ्या दिवशी आणि शेवटचं बाहेर पडायचं अकराव्या दिवशी: दहा दिवसांचा पास बरोब्बर पुरतो. ब्लेडला एक रात्र वाढवलीत तर शेवटच्या दिवसासाठी एक दिवसाचा पास वेगळा घ्यावा लागेल. सुट्टीत एक दिवस वाढवायला माझी ना नाही, हिशेब माहीत असावा इतकंच.

हा पास असूनही काही बोगदे आणि खिंडींचा टोल वेगळा असतो. साल्झबुर्गच्या दक्षिणेला टाउअर्न, स्लोव्हेनियाच्या सीमेवर कारावांकन, परतताना ब्रेनर. स्लोव्हेनियाचा पास निराळा, तो किमान सात दिवसांचा असतो आणि कारावांकन बोगद्यातून बाहेर पडल्याक्षणी लागू होतो. तिथे पास नसताना सापडलात तर दंड ३०० युरोंपासून सुरू होतो. स्वित्झर्लंडला तर वर्षाचाच पास मिळतो, ४० फ्रँकचा, मग तुम्ही एक तास का जाईना.

ऑस्ट्रियाचा पास आस्फिनाग आणि स्लोव्हेनियाचा दार्स या रस्ते कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच घ्या. शोधात वर येणारे दलाल वर कमिशन लावतात. पास गाडीच्या नंबरावर निघतो, त्यामुळे गाडी हातात आल्यावरच तो घेता येतो. नंबर टाकताना देश जर्मनी निवडा, आणि पास कोणत्या तारखेपासून सुरू होतोय ते वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

इटलीची तऱ्हा निराळी. हायवेवर चढताना मशीन तिकीट देतं आणि उतरताना अंतराप्रमाणे पैसे घेतं. तिकीट हरवलं तर सर्वांत लांबच्या नाक्यापासूनचा आकार लावतात, म्हणून ते सन व्हायजरमध्ये खोचून ठेवा. उतरतानाचा नाका आला की वेग कमी करून वर बघा. पिवळी पाटी असलेली लेन टेलिपास, म्हणजे आपोआप टोल कापणारं यंत्र, बसवलेल्या गाड्यांची, तिकडे फिरकू नका. निळी पाटी कार्डाची, पांढऱ्या पाटीवर हात आणि नाणी काढलेली असतील तर रोखीची. खिडकी यंत्राच्या इतकी जवळ घ्या की पट्टा न सोडता हात पोचेल. तिकीट आत सरकवा, आकडा उमटतो, कार्ड लावा, दांडा वर जातो. कार्ड नाकारलं किंवा लेन चुकली तर रिव्हर्स अजिबात घेऊ नका; मदतीचं बटण दाबा. यंत्र न भरलेल्या रकमेची पावती देतं आणि ते पैसे १५ दिवसांत ऑनलाइन भरता येतात.

पेट्रोल

पंपावरच्या शब्दांवर विसंबू नका, आकार बघा. २०१८ पासून युरोपीय संघात नळीवर आणि टाकीच्या झाकणाच्या आत सारखीच खूण असते. गोलात ई५ किंवा ई१० म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी७ म्हणजे डिझेल. चुकीचं भरलं गेलंच तर गाडी सुरू न करता फोन करा, इंजिनपर्यंत जाऊ न देणं महत्त्वाचं.

हायवेच्या थांब्यावरचं इंधन फाट्यापासून दोन किलोमीटर आत गेल्यावर मिळणाऱ्यापेक्षा बरंच महाग असतं. इटलीत एकाच पंपावर दोन दर दिसतात: स्वतः भरायचा कमी, माणसाने भरून द्यायचा जास्त. माणूस नसलेल्या पंपावर कार्ड लावलं की १०० युरो किंवा जास्त रक्कम काही काळ अडकते, घाबरू नका. दीड हजार किलोमीटरला मध्यम गाडी शंभर लिटरच्या आसपास पिते, खर्च त्यावरून काढा. जर्मनीच्या हायवेवर इंधन संपून थांबलात तर तो गुन्हा धरला जातो, कारण तिथे विनाकारण थांबायलाच बंदी आहे.

मुक्कामाची जागा कशी निवडायची

गाडीने फिरणाऱ्याचं हॉटेल आणि रेल्वेने फिरणाऱ्याचं हॉटेल एक नसतं. तुम्हाला गावाच्या मध्यावर राहायचं नाहीये. जुन्या शहराबाहेर, स्वतःचं पार्किंग असलेलं आणि बस किंवा लोकल स्टेशनला चालत जाता येईल असं बघा. मेस्त्रे याचसाठी निवडलं: व्हेनिसमध्ये गाडी शिरतच नाही, फार तर बेटाच्या टोकावरच्या महागड्या पार्किंगपर्यंत जाते. मेस्त्रेहून रेल्वेने दहा-बारा मिनिटांत व्हेनिस. शिवाय काही ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून व्हेनिस प्रवेशशुल्क घेतं. मेस्त्रे त्याच महापालिकेत येत असल्याने तिथे मुक्काम असेल तर ते माफ होतं. फक्त माफीची नोंद आधी ऑनलाइन करावी लागते.

इटलीतल्या जुन्या शहरांत लाल कड्याची पांढरी गोल पाटी आणि सोबत 'झोना त्राफिको लिमितातो' (मर्यादित वाहतुकीचा भाग) असं दिसलं की आत जाऊ नका. दांडा नसतो, पोलिस नसतो, फक्त कॅमेरा असतो. मोबाइल खुशाल आत पाठवतो. हॉटेल त्या भागात असेल तर येण्याआधी गाडीचा नंबर त्यांना कळवून परवानगी घेता येते.

बुक करताना हे बघा: पार्किंग आवारात की रस्त्यावर आणि त्याचे पैसे किती, रिसेप्शन किती वाजता बंद होतं, उशीर झाल्यास किल्लीची पेटी आणि कोड मिळेल का. डोंगरातली घरगुती पेन्शनं, म्हणजे छोटी अतिथीगृहं, संध्याकाळी लवकर दार लावतात. वाटेत अडकलात तर फोन करा, बहुतेक जण किल्ली ठेवून जातात. न कळवता रात्री अकराला पोचलात तर समोर अंधार असतो. पर्यटक कर बहुधा खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो, तो माणशी रोजचा तिथेच भरायचा, सुटे युरो जवळ असू द्या. उलट आल्प्समधली अनेक गावं मुक्कामाच्या पाहुण्यांना कार्ड देतात आणि त्यावर स्थानिक बस फुकट असते, ते मागून घ्या.

जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळीच पाणी, दूध, फळं घेऊन ठेवा; विसरलात तर मोठं रेल्वे स्टेशन किंवा पेट्रोल पंप.

एका रात्रीच्या मुक्कामासाठी एक छोटी बॅग वेगळी भरा: सगळ्यांचे रात्रीचे कपडे, दात घासायचं सामान, औषधं, चार्जर. ती डिकीत सर्वांत वर. मोठ्या बॅगा बंद गॅरेज असेल तरच गाडीत राहू द्या.

रस्त्यावरच्या पार्किंगमध्ये इटलीत निळ्या रेघा पैशाच्या, पांढऱ्या फुकटच्या, पिवळ्या राखीव. निळी पाटी आणि घड्याळाचं चित्र दिसलं तर आल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची घड्याळ-तबकडी डॅशबोर्डवर ठेवायची. जर्मनीत काटा पुढच्या अर्ध्या तासावर लावतात. १०:१० ला आलात तर १०:३०. भाड्याच्या गाडीत ती बहुधा कप्प्यात असते.

घाट उतरताना

ब्लेडहून दिवसभराच्या फेरीत व्रशिच खिंड करता येते, १,६११ मीटर. घाटात ५० वळणं आहेत, प्रत्येकावर क्रमांक आहे आणि उत्तरेकडच्या वळणांवर दगडी फरशी आहे. पाऊस असेल तर ती निसरडी होते. साल्झबुर्गहून ब्लेडला जाताना वेळ असेल तर टाउअर्न सोडून ग्रोसग्लॉकनरचा ४८ किलोमीटरचा टोलचा घाटरस्ता घ्या. तो अडीच हजार मीटरपर्यंत चढतो. मात्र त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका.

चढायला कोणालाही येतं. उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला तर ब्रेक तापतात, जळकट वास येतो आणि पेडल मऊ लागायला लागतं. ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. ऑटोमॅटिकमध्येही मॅन्युअल किंवा एल (लो) गिअर असतो, तो वापरा. ब्रेक थोडा जोरात दाबून सोडा, पुन्हा वेग वाढला की पुन्हा. वास आलाच तर बाजूला थांबून अर्धा तास डोंगर बघत बसा. मागे गाड्या जमल्या तर रुंद जागा बघून वाट द्या, तिथल्या लोकांना कामावर जायचं असतं.

काही झालंच तर

तातडीच्या मदतीचा फोन नंबर सगळीकडे ११२. किरकोळ ठोकर असली तरी गाडीतला युरोपीय अपघात-फॉर्म दोघांनी मिळून भरायचा. त्याची रचना सगळ्या भाषांत सारखी असते, त्यामुळे समोरच्याचा फॉर्म इटालियनमध्ये असला तरी तुमच्या इंग्रजी फॉर्मच्या रकान्यांशी जुळतो. जे समजलं नाही त्यावर सही करू नका. कंपनीला त्याच दिवशी कळवा. दारूची मर्यादा या फेऱ्यात जास्तीत जास्त ०.५ ग्रॅम प्रतिलिटर आहे. फेरा चेक प्रजासत्ताक किंवा हंगेरीकडे वळवलात तर तिथे शून्य.

गाडी परत करताना टाकी भरून द्या आणि जवळच्या पंपाची पावती ठेवा. कार्यालय उघडं असताना द्या, किल्ली पेटीत टाकून जाऊ नका. माणसाने गाडी बघून सही केलेला कागद हातात हवा. नसेलच तर पुन्हा एक व्हिडिओ. ज्या कार्डावर डिपॉझिट होतं ते लगेच बंद करू नका. इटलीत परदेशी चालकाला दंडाची नोटीस ३६० दिवसांपर्यंत पाठवता येते. आधी येते ती गाडी देणाऱ्या कंपनीची वजावट, तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल. तो दंड नसतो, दंड नंतर वेगळा येतो आणि लवकर भरला तर कमी लागतो.